देव तोच, पुजारी कोण? : टिळकांची १९१६ची भाषणे एकोडीत वाचताना

झाडीपट्टीत दिवाळी सरली की मंडया सुरू होतात. धान कापणीला आलेले असते, रात्री अंगात गारवा भरू लागतो, आणि एका गावची मंडई उठते न उठते तोच शेजारच्या गावची बसते. मग दंडार उभी राहते. मी पाहिलेल्या दंडारींत एक गोष्ट हमखास असते. जे राजाला ऐकवायचे असते ते सोंग शिपायाला ऐकवते. राजाकडे पाठ करून, शिपायाच्या कानाशी, पण शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळेल अशा आवाजात. राजाला राग धरता येत नाही, कारण त्याला कोणी काही म्हटलेलेच नसते.

लोकमान्य टिळकांची १९१६मधली तीन भाषणे मी पुन्हा वाचायला घेतली ती या दंडारीच्या आठवणीनेच. पहिले १ मे रोजी बेळगावात झाले, पुढची दोन ३१ मे आणि १ जून रोजी अहमदनगरला. 'जन्मसिद्ध हक्क' हे शब्द आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांच्यापुढे ही तिन्ही भाषणे झाकोळून गेली आहेत. घोषणा भिंतीवर लिहिता येते, भाषणे सबंध वाचावी लागतात. वाचली की ध्यानात येते की त्यांत घोषणा जवळजवळ नाहीच. आहे ती एका अनुभवी माणसाची, दोनदा पोळलेल्या माणसाची, अत्यंत सावध मांडणी. ती कशी बांधली आहे आणि एकोडीसारख्या गावाला तिच्यातून काय मिळत होते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. भाषणांचा आशय मी माझ्या शब्दांत देतो आहे.

एकोडीचा यात संबंध काय, असे कोणी विचारील. साकोली तालुक्यातले हे गाव, भंडारा जिल्हा, त्या वेळचा मध्यप्रांत. टिळकांनी २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष झाले, न. चिं. केळकर चिटणीस. ॲनी बेझंट यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपली वेगळी लीग काढली तेव्हा दोघांनी मुलूख वाटून घेतल्यासारखे झाले : मुंबई शहर वगळून महाराष्ट्र, कर्नाटक आणि मध्यप्रांत-वऱ्हाड टिळकांकडे, उरलेला देश बाईंकडे. म्हणजे कागदोपत्री का होईना, भंडारा जिल्हा टिळकांच्या लीगच्या हद्दीत होता. बेळगाव-नगरला जे बोलले गेले ते इथल्याही रयतेला उद्देशून होते, असे धरायला हरकत नाही.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. १८९७ साली शिवाजी उत्सवाच्या निमित्ताने 'केसरी'त जे छापून आले, त्यात अफजलखानाच्या वधाच्या समर्थनाचे भाषण होते, त्यावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. पंचांत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते, निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला आणि शिक्षा अठरा महिन्यांची झाली. १९०८ साली पुन्हा तेच कलम. या वेळी टिळकांनी स्वतःच बचाव केला. पंचांपुढचे त्यांचे भाषण २१ तास १० मिनिटे चालले. निकाल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षे, मंडाले. १९१४च्या जूनमध्ये ते सुटून आले. मधुमेह जडलेला, पत्नी ते तुरुंगात असतानाच गेलेली, जवळचे सहकारी पांगलेले. त्यांचे 'गीतारहस्य' १९१५मध्ये प्रसिद्ध झाले. महायुद्ध चालू होते आणि सरकारचे कान नेहमीपेक्षा तिखट झाले होते. बेळगावच्या व्यासपीठावर उभा राहिलेला माणूस साठीला टेकलेला होता, आणि एक वाक्य वाकडे गेले तर पुढचा प्रवास कुठला हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

इतके असूनही सुरुवात अगदी सैल आहे. काय बोलायचे ते मी ठरवून आलेलो नाही, तयारी केलेली नाही, असे ते आरंभीच सांगतात. टिळक तयारीशिवाय बोलले, यावर माझा विश्वास नाही. पण त्या एका कबुलीने सभा सैलावते. हा मनुष्य आपल्याशी बोलायला आला आहे, आपल्याला हलवायला नव्हे, असे ऐकणाऱ्याला वाटते. टिळक सुरेंद्रनाथ बॅनर्जींसारखे वक्ते नव्हते. आवाज भारदस्त नाही, हातवारे नाहीत, अलंकार नाहीत. ध्वनिवर्धकाचा तर तो काळच नव्हता. असा वक्ता शिरा ताणून जिंकत नाही. तो समोरच्याला प्रश्न विचारतो, त्याच्याच तोंडून उत्तर काढतो आणि पुढे सरकतो. स्वराज्य म्हणजे काय? बादशहा नको असा अर्थ आहे का? नाही. इंग्रजांचे राज्य जावे असा आहे का? नाही. मग आमच्या घरचा कारभार कोणी पाहायचा, एवढाच प्रश्न उरतो. तीन पावलांत त्यांनी एक भलामोठा, भीतिदायक शब्द घरातल्या हिशेबाच्या वहीएवढा करून टाकला.

यानंतर भाषणाचा गाभा येतो, आणि तो वेदान्ताचा आहे. सरकार म्हणून जे म्हणतात त्याची दोन रूपे आहेत, असे टिळक सांगतात. एक अदृश्य, अव्यक्त, निर्गुण. ते काही करीत नाही, त्याला राग-लोभ नाही, ते ब्रह्मासारखे आहे. दुसरे दृश्य रूप. ब्रह्म मायेच्या योगाने नामरूपाला आले म्हणजे जसे होते तसे हे सरकार कलेक्टर, मामलेदार, पाटील, पोलीस शिपाई होऊन आपल्यासमोर उभे राहते. नामरूपे बदलतात, ब्रह्म बदलत नाही. तेव्हा अमका मामलेदार नको, अमकी पद्धत नको, असे म्हटल्याने मूळ सरकारला काय धक्का लागणार? मराठी सभेला हा विचार समजावून द्यावा लागत नाही. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाने सगुण-निर्गुणाचा वाद ऐकलेला असतो. 'गीतारहस्य' लिहून नुकतीच शाई वाळलेल्या माणसाला ही उपमा सुचावी, यात नवल नाही.

नवल दुसऱ्याच गोष्टीचे आहे. हा दाखला केवळ श्रोत्यांसाठी नाही, तो न्यायाधीशासाठीही आहे, असे माझे मत आहे. १८९७च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी पंचांना कायदा समजावून देताना 'कायद्याने प्रस्थापित सरकार' या शब्दांचा अर्थ सांगितला होता. त्याचा आशय असा : ब्रिटिश राज्य आणि त्याचे प्रतिनिधी या नात्याने असलेले लोक, म्हणजे चालू असलेली राज्यव्यवस्था; विशिष्ट वेळी कारभार करणारा विशिष्ट गट नव्हे. 'डिसअफेक्शन' या शब्दाचा अर्थ स्ट्रेचींनी इतका ताणला की प्रेमाचा अभाव हाच गुन्हा ठरावा, म्हणून त्यांची ती व्याख्या कुप्रसिद्ध झाली. पण त्याच विवेचनात व्यवस्था वेगळी आणि कारभारी वेगळे अशी एक फट त्यांनी ठेवून दिली होती. पुढे १८९८ साली कलम १२४-अ नव्याने लिहिले गेले. त्यातही सरकारच्या कृत्यांबद्दल सनदशीर मार्गाने बदल घडवून आणण्यासाठी केलेली नापसंती, द्वेष पसरवीत नसेल तर, गुन्ह्यातून वगळली होती. ज्याला त्या व्याख्येने तुरुंगात घातले त्याने ती व्याख्या पाठ केली, आणि एकोणीस वर्षांनी तिचे वेदान्तात भाषांतर करून परत केली. अव्यक्त सरकार म्हणजे स्ट्रेचींची राज्यव्यवस्था, व्यक्त सरकार म्हणजे कारभाऱ्यांचा गट. टिळक वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेले होते, त्यांनी कायद्याचा शिकवणीवर्गही चालवला होता. ही जुळणी योगायोगाने झाली असे मला वाटत नाही.

सगुण-निर्गुण ज्याला जड वाटेल त्याच्यासाठी पुढचा दाखला तयार आहे : देव आणि पुजारी. बादशहा देवाच्या जागी. देव कोणाला त्रास देत नाही. पण देवापर्यंत जायचे तर मध्ये पुजारी असतो. पुजारी म्हणतो, देव मीच प्रसन्न करून देतो, मी सांगेन तसे वागा. आता पुजारी नीट पूजा करीत नसेल, तर हा पुजारी नको, दुसरा नेमा, असे म्हणणारा भक्त नास्तिक ठरतो काय? उलट तोच खरा भक्त. गावोगावच्या देवस्थानांतली भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, हक्कदारांच्या दक्षिणेचे दर ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना इथे हसू आल्याशिवाय राहिले नसेल. या हसण्याचे मोल वक्त्याला माहीत असते. कलेक्टरला हसलेला माणूस कलेक्टरला भिणे थोडे तरी कमी करतो. द्वेष निर्माण केला असा आरोप ठेवता येतो. हसू निर्माण केले, असे कलम दंडसंहितेत नाही.

नगरच्या भाषणात सूर बदलतो. तिथला मुद्दा 'परकेपणा' हा आहे. इथे टिळकांनी जे केले ते आजही वाचताना थबकायला होते. परका म्हणजे कोण? गोऱ्या कातडीचा? नाही. वेगळ्या धर्माचा? तेही नाही. परकेपणा हितसंबंधात असतो. जो या देशातल्या लोकांचे हित पाहतो तो मुसलमान असो की इंग्रज असो, परका नव्हे. जो पाहत नाही तो परका. हे ते अहमदनगरात बोलत होते, निजामशाहीच्या राजधानीत. मुसलमान राजांनी इथे राज्य केले, पण ते इथे येऊन राहिले, इथले धंदे चालावेत अशी त्यांची इच्छा तरी होती, मी त्यांना परके म्हणत नाही, असे त्यांनी बोलता बोलता सांगून टाकले. १८९७ साली अफजलखानाच्या वधावर बोलणारा वक्ता हाच, हे लक्षात घेतले म्हणजे किती अंतर तोडले गेले ते कळते. काहींना हे केवळ डावपेच वाटतील. लखनौत काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचा करार व्हायला सहाच महिने राहिले होते, आणि टिळकांना तो हवा होता, हे खरेच आहे. पण डावपेच म्हणून केलेली व्याख्याही एकदा केली की करणाऱ्याला बांधते. परकेपणा हितावर मोजायचा असे एकदा कबूल केले, की तोच गज उद्या आपल्या माणसांनाही लावता येतो. तिकडे मी पुढे वळणारच आहे.

आणखी एक दाखला घराघरातला आहे. मुलगा अज्ञान असेपर्यंत इस्टेट पालकाने सांभाळावी, हे ठीक. पण मुलगा वयात आला, शहाणा झाला, की पालकाने किल्ल्या त्याच्या हाती द्यायच्या असतात. हिंदुस्थान आता वयात आला आहे. तुम्ही अजून लायक नाही, या इंग्रजी युक्तिवादाला दिलेले हे उत्तर आहे. त्याची खुबी अशी की त्यात पालकाला चोर म्हटलेले नाही. नुसते मुलाचे वय विचारले आहे. सावत्र चुलत्याने दाबून ठेवलेली वाटणी ज्या समाजात घरोघरी ऐकायला मिळते, तिथे उरलेले वाक्य ऐकणाराच पुरे करतो. वक्त्याने अर्धे बोलावे आणि उरलेले अर्धे श्रोत्याच्या मनात बोलले जावे, हे या सगळ्या भाषणांचे मुख्य कसब. मनात बोललेले पोलिसांच्या वहीत उतरत नाही.

पोलिसांची वही मात्र समोर होतीच. ही भाषणे पोलिसांच्या लघुलेखकांनी टिपून घेतली, सरकारच्या भाषांतरकाराने ती इंग्रजीत नेली, आणि तीच पुरावा म्हणून पुढे आली. आपल्याला ती इतकी सविस्तर वाचायला मिळतात याचे थोडे श्रेय त्या शिपाईगड्यांना द्यायलाच हवे. २३ जुलै १९१६ रोजी टिळकांना साठ वर्षे पुरी झाली. पुण्यात सत्कार झाला, एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली, आणि त्याच सोहळ्याच्या गर्दीत सरकारची नोटीसही येऊन पोचली : वर्षभर नीट वागण्याबद्दल वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत? टिळकांनी थैली ठेवून घेतली नाही, देशकार्याला दिली.

सरकारने या वेळी राजद्रोहाचा सरळ खटला भरला नाही. फौजदारी प्रक्रियेच्या १०८व्या कलमाखाली जामीन मागितला. मला ही सरकारची हुशारी वाटते. पंच बसवायचे नाहीत, २१ तासांचे भाषण नाही, मंडाले नाही, हुतात्मा नाही. एका जिल्हा मॅजिस्ट्रेटसमोर काम चालवायचे आणि तोंडाला कुलूप लावायचे. पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट हॅच यांनी ऑगस्टमध्ये तसा हुकूम दिलाही. टिळकांचे वकील होते बॅरिस्टर महंमद अली जीना. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांच्यापुढे काम चालले, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हॅच यांचा हुकूम रद्द झाला.

सामान्यतः आपण इथे टाळ्या वाजवून थांबतो. निकालपत्र वाचले तर थांबवत नाही. देव वेगळा, पुजारी वेगळा, हा युक्तिवाद बॅचलर यांनी जशाच्या तसा मान्य केलेला नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की सरकार माणसांच्या हातूनच काम करते. सिव्हिल सर्व्हिस हे त्याचे मुख्य हत्यार आहे. तेव्हा त्या सर्व सेवेवर सरसकट टीका केली तर सरकारबद्दल अप्रीती निर्माण होते की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. शब्दांचा स्वाभाविक परिणाम तसा होत असेल तर गुन्हा आहे, नसेल तर नाही. म्हणजे न्यायाधीशाला पुजाऱ्याच्या आडून देव दिसला होता. तरीही त्यांनी सोडले, ते दुसऱ्या कारणासाठी. भाषण तुकड्यांनी वाचायचे नाही, सबंध वाचायचे, आणि ज्या श्रोत्यांपुढे झाले त्यांच्यावर एकंदर ठसा काय उमटला असेल ते पाहायचे. काही वाक्ये आक्षेपार्ह असली तरी सबंध भाषणाचा रोख राज्यकारभारात हिंदी लोकांना अधिक वाटा मिळावा असा आहे, असे त्यांना आढळले.

याचा अर्थ मला असा लागतो : टिळकांना वाचवले ते उपमेने नव्हे, भाषणाच्या एकूण पोताने. ती सैल सुरुवात, बादशहाविषयीचे वारंवार उच्चारलेले इमान, सनदशीर मार्गाचा पुनःपुन्हा केलेला उल्लेख, घरगुती दाखले. घाईने वाचणाऱ्याला हा सगळा पाल्हाळ वाटतो. कोर्टात त्या पाल्हाळानेच काम केले. १८९७मध्ये भाषण आटोपशीर आणि धारदार होते. ते अठरा महिन्यांत संपले. १९१६चे पसरट आहे, आणि ते सुटले. सुटल्यावर त्याचा आणखी एक परिणाम झाला. स्वराज्य हा शब्द जाहीर सभेत उच्चारणे गुन्हा नाही, असे जणू हायकोर्टाचेच प्रमाणपत्र मिळाले. लीगच्या कार्यकर्त्यांनी ते प्रमाणपत्र गावोगाव नेले.

आता एकोडीकडे येतो. मागच्या मंडईच्या वेळी मी या भाषणांतले निवडक उतारे गावात दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवले. उद्देश शास्त्रीय होता असे म्हणणार नाही. शंभर वर्षांपूर्वीची बोलण्याची तऱ्हा अजून कानाला लागते का, एवढेच पाहायचे होते. सगुण-निर्गुण लागलीच पोचले, कारण भजनी मंडळातले होते सगळे. पुजाऱ्यापाशी आल्यावर एक जण हसला, आणि थोडा थांबून म्हणाला, ''सर, पुजारी बदलला तरी नारळ आपलाच फुटते ना?''

मी वही मिटली. त्या एका वाक्याने माझा निम्मा लेख बदलला.

टिळकांच्या दाखल्यात पुजारी परका आहे आणि भक्त आपला आहे. भंडारा जिल्ह्यात १९१६ साली रयतेच्या आणि सरकारच्या मध्ये जो उभा होता तो कलेक्टर नव्हे, मालगुजार होता. मध्यप्रांतात १८६०च्या दशकातल्या जमाबंदीने मालगुजारांना गावाच्या मालकीचे हक्क दिले होते. सारा तो गोळा करणार, त्यातला ठरलेला भाग सरकारात भरणार. मालगुजारी तलाव असा शब्द आजही इथे सर्रास वापरतात, कारण तलाव, बोडी, पडीत, जंगल, गावठाण यांच्यावर मालगुजाराची सत्ता चाले. ही व्यवस्था १९५१ साली कायद्याने संपली. मालगुजार गोरा नव्हता. आपल्यातला होता, आपली भाषा बोलणारा, आपल्याच मंडईला येऊन बसणारा. रोवणीच्या दिवसांत बांधीला पाणी कधी मिळणार हे ठरवणारा पुजारी इथे आधीच स्वदेशी होता. मग पुजारी बदला, ही हाक या गावात काय म्हणून ऐकू आली असती? नगरच्या खातेदाराला ती कलेक्टरविरुद्ध ऐकू आली. तिथे रयतवारी होती, कास्तकार आणि सरकार यांच्यात वतनदार पाटील-कुलकर्णी असले तरी जमीन खातेदाराच्या नावची होती. इथल्या कुळाला ती मालगुजाराविरुद्ध ऐकू आली असती, किंवा मालगुजाराची बढती करणारी वाटली असती. लीगचे वर्गणीदार जिल्ह्याजिल्ह्यांत कोण होते, तर वकील, व्यापारी, सावकार, जमीनदार. ही मंडळी हाक देणारी होती, तेव्हा तिचा पहिला अर्थ लागणे अवघड होते.

इथे परकेपणाची ती व्याख्या पुन्हा हातात घ्यावी. परकेपणा हितसंबंधात असतो, कातडीत नसतो. टिळकांनी हा गज इंग्रजांना लावला. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी तोच टिळकांना लावला, आणि त्याला टिळकांनीच कारण दिले. १९१७च्या ऑगस्टमध्ये माँटेग्यूंची घोषणा झाली, कायदेमंडळे मोठी होणार हे दिसू लागले, आणि मागासलेल्या जातींना वेगळे प्रतिनिधित्व हवे अशी मागणी उठली. त्या काळातल्या टिळकांच्या एका भाषणाचा वृत्तान्त प्रसिद्ध आहे. कुणब्यांना काय कौन्सिलात नांगर धरायचा आहे, शिंप्यांना सुया चालवायच्या आहेत, वाण्यांना तागडी धरायची आहे, अशा अर्थाचे ते उद्गार. मराठी लेखनात ते सामान्यतः अथणीच्या सभेतले म्हणून सांगितले जातात. डॉ. आंबेडकरांनी तेली-तांबोळ्यांविषयीचे तशाच आशयाचे उद्गार सोलापूरच्या सभेतले म्हणून नोंदवले आहेत. सभा कोणतीही असो, टिळकांच्या चरित्रातला हा भाग झाकून त्यांच्या वक्तृत्वाची थोरवी सांगता येणार नाही.

वक्तृत्वाच्या दृष्टीने पाहिले तर त्या उद्गारांत कसब तेच आहे. घरगुती वस्तू, झटकन हसू. नांगर, सुई, तागडी. पुजाऱ्याच्या दाखल्यात हसू वरच्याला होते, म्हणून भीती उतरली. इथे हसू खालच्याला आहे, आणि ते समोर बसलेल्या कुणब्याच्या छातीत घुसते. उपमा तीच असते, रोख फिरला की ती चावते. शिवाय स्वतःच्याच युक्तिवादाला ती उलटी पडते. हिंदुस्थान लायक नाही असे म्हणणाऱ्या इंग्रजाला टिळकांनी वयात आलेल्या मुलाचे उत्तर दिले होते. कुणबी लायक नाही असे म्हणताना त्यांनी पालकाची खुर्ची स्वतः घेतली.

लगेच दुसरी बाजूही नोंदवतो. १९१८च्या मार्चमध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत अस्पृश्यतानिवारणाची परिषद भरवली. सयाजीराव गायकवाड अध्यक्ष होते. टिळक तिथे बोलले, आणि देव अस्पृश्यता मानणार असेल तर मी त्याला देव मानणार नाही, अशा आशयाचे बोलले. मांडव टाळ्यांनी दणाणला. या वेळी त्यांनी पुजाऱ्यावरच थांबायचे सोडून थेट देवाला हात घातला होता. असे धाडस त्यांनी बादशहाच्या बाबतीत कधी केले नाही. पण परिषदेनंतर अस्पृश्यता स्वतः पाळणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रकावर सह्या घेण्यात आल्या, त्यावर टिळकांनी सही केली नाही. शिंदे या माणसाने टिळकांविषयी आदर कधी सोडला नाही, आणि ही गोष्ट लपवलीही नाही.

या दोन्ही गोष्टी एकत्र कशा धरायच्या, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. टिळक मुळात तसेच होते, असे एक जण म्हणतो. काळच तसा होता, असे दुसरा. मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. काळाचे म्हणावे तर शाहू महाराज त्याच काळात कोल्हापुरात होते, शिंदे त्याच पुण्यात होते. आणि मुळात तसेच म्हणावे तर नगरच्या परकेपणाच्या व्याख्येचे काय करायचे? ती कोणी त्यांच्याकडून बळजबरीने वदवून घेतली नव्हती. माझ्यापुरते मला एवढेच दिसते, की सभेत समोर कोण बसले आहे यावर टिळकांचे भाषण घडत असे. समोरच्याच्या घरातला दाखला उचलण्याचे त्यांचे कसब विलक्षण होते. ज्याचे घर त्यांनी आतून पाहिलेच नव्हते, त्याच्यासाठी त्यांच्याजवळ दाखला नव्हता. तिथे ते चुकले, आणि चुकले ते जबर चुकले.

भंडारा जिल्ह्याने पुढे पुजाऱ्याचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने पाहिला. १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर याच भंडारा मतदारसंघातून उभे राहिले. स्वराज्य येऊन सात वर्षे झाली होती, मालगुजारी जाऊन तीन. ते हरले. दोन जागांच्या त्या मतदारसंघात एका जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागा काँग्रेसच्या उमेदवाराला गेली. त्या निवडणुकीच्या सभांवर कोणी नीट अभ्यास करावा असे मला फार वाटते. टिळकांच्या भाषणांना पोलिसांचा लघुलेखक तरी होता.

त्या रात्री वाचन पुरे झाल्यावर मी नारळाचे वाक्य बोललेल्या गृहस्थाला विचारले, या सगळ्यातला कोणता दाखला तुम्ही ठेवून घ्याल? मला वाटले होते, देव-पुजाऱ्याचाच म्हणेल. तो म्हणाला, वयात आलेल्या पोराचा. त्याची स्वतःची जमीन चुलत्याच्या नावावरून सुटायला बरीच वर्षे गेली होती, हे मला मागाहून दुसऱ्याने सांगितले. ''तेवढं पान मले द्या, सर,'' असे म्हणून त्याने बेळगावच्या भाषणाची माझी नक्कल मागून घेतली, घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि तो दंडारीकडे निघून गेला. ते पान अजून त्याच्याकडेच आहे.